पॅकेजचा बोर्ड वाचलात, फीची पावती वाचलीत का?

अंबड चौफुलीला गाडीची वाट बघत उभं राहिलं की समोरचे बोर्ड हळूहळू पाठ होतात. क्लासचे, दवाखान्यांचे, सळईचे, बियाण्यांचे. उन्हाळा लागला की त्यात एक बोर्ड वाढतो. कोट घातलेली चार हसरी पोरं-पोरी, मागे काचेची इमारत आणि खाली लाल अक्षरांत 'हायेस्ट पॅकेज', त्यापुढं डोळे फिरवणारा आकडा. आकड्याच्या डोक्यावर मुंगीएवढा एक स्टार असतो. त्या स्टारचा अर्थ कुठं लिहिलेला असतो, ते मला अजून सापडलेलं नाही.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर 'पुढं काय?' हा प्रश्न तुम्हाला घरात, लग्नात, किराणा दुकानात, सगळीकडे विचारून झाला असेल. आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी 'एमबीए करावं म्हणतोय' असं उत्तर देऊन वेळही मारून नेली असेल. हा लेख तुमच्यासाठी आहे.

मी स्वतः एमबीए केलेलं नाही. मास कम्युनिकेशनची डिग्री घेऊन सध्या या पुरवणीत इंटर्नशिप करतेय. पण गेल्या वर्षी माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीच्या अॅडमिशनच्या धावपळीत मी पहिल्या फोनपासून शेवटच्या पावतीपर्यंत सोबत होते. तेव्हा जे कळलं, ते आम्हाला सहा महिने आधी कळायला हवं होतं. तुम्हाला तरी वेळेत कळावं.

पन्नास हजारांची 'सीट'

मैत्रीण अंबड तालुक्यातली. नाव देत नाही, गावात लगेच ओळखतील. घरी चार एकर, त्यात मोसंबीची बाग. जालन्यातून बीकॉम केलं. ओबीसी प्रवर्ग, आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या पुष्कळ खाली.

फेब्रुवारीत तिला पुण्याच्या एका खासगी संस्थेतून फोन आला. 'मॅम, तुमचं सिलेक्शन झालंय. तीन दिवसांत सीट ब्लॉक करा.' कोर्स पीजीडीएम. दोन वर्षांची फी साडेअकरा लाख, होस्टेल आणि मेस वेगळं. सीट ब्लॉक करायला पन्नास हजार. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला 'मॅम' म्हणालं होतं. मोसंबीच्या पट्टीतून उरलेले पैसे तिच्या वडिलांनी भरून टाकले. बाकीचं कर्ज काढू, नाहीच जमलं तर रस्त्याकडचं एक एकर आहे, असं घरात ठरलं.

"पोरीचं भलं होत असंल तर जमीन काय, पुन्हा घेता येईल," अण्णा म्हणाले. ते वाक्य ऐकल्यापासून तिला नीट झोप नव्हती.

राज्याच्या सीईटीचा फॉर्म आधीच भरलेला होता, म्हणून ती परीक्षाही तिने दिली. ९१ पर्सेंटाइल आले. पण पुढच्या कॅप राउंडचं रजिस्ट्रेशन करायचं तिच्या डोक्यातही नव्हतं. 'सीट तर घेतलीच की' एवढंच ती म्हणायची. टीसी काढायला कॉलेजात गेलो, तेव्हा तिचे अकाउंट्सचे सर भेटले.

"कॅपचं रजिस्ट्रेशन केलंस का?"

"नाही सर, माझं पुण्याला झालं."

"झालं म्हणजे? पैसे द्यायचे बाकी आहेत ना अजून? आधी हा जीआर वाच."

सरांनी मोबाइलवर दाखवलेला शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा होता. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. २०२४-२५ पासून लागू. एमबीए त्यात येतं. पण अट अशी की, प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या सीटला, अभिमत विद्यापीठाला किंवा खासगी विद्यापीठाला ही सवलत नाही.

म्हणजे तिने ज्या दारातून जायचं ठरवलं होतं, तिथं साडेअकरा लाख. आणि जे दार तिने उघडूनच पाहिलं नव्हतं, तिथं शिक्षण शुल्क शून्य. रजिस्ट्रेशन संपायला तीन दिवस होते आणि तिचं नॉन-क्रिमीलेयर ३१ मार्चला संपलेलं होतं.

पुढं काय झालं ते सांगते. आधी ही दारं नेमकी कोणती, ते बघू.

एमबीए एक, दारं अनेक

पहिलं दार कॅट. आयआयएमची परीक्षा, साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच भरावा लागतो, म्हणजे तुमचं शेवटचं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं. इंग्रजी आकलन, डेटा व लॉजिक आणि गणित असे तीन भाग, प्रत्येकी ४० मिनिटं. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर एक गुण वजा. महाराष्ट्रात नागपूरला आयआयएम आहे, २०१५ पासून. आणि मुंबईच्या पवईतली जुनी 'नीटी' २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली आहे. कॅटचा स्कोअर फक्त आयआयएमच घेतात असं नाही, इतर अनेक नामांकित संस्थाही घेतात.

दुसरं दार राज्याची एमबीए सीईटी. आतापर्यंतच्या पॅटर्नप्रमाणे १५० मिनिटांत २०० प्रश्न, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही याचा अर्थ, एकही गोल रिकामा सोडायचा नाही. वेळ संपत आली तरी उरलेल्यांवर क्लिक करून यायचं. पात्रता म्हणजे पदवीला ५० टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात. मुंबईचं जमनालाल बजाज (१९६५ साली मुंबई विद्यापीठाने अमेरिकेच्या स्टॅनफर्डच्या मदतीने सुरू केलेली संस्था), सिडनहॅमची सिमसरी, पुणे विद्यापीठाचा पुम्बा हा विभाग, ही नावं याच दारातून लागतात. आपल्या संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही व्यवस्थापनशास्त्राचा विभाग आहे. जालन्याहून साठ-एक किलोमीटर. घरचं जेवण सोडायची मनाची तयारी नसेल, तर ही गोष्ट लहान नाही.

तिसरं दार बाकीच्या परीक्षांचं. एक्सएलआरआयची झॅट, सिम्बायोसिसची स्नॅप, शिवाय सीमॅट, एनमॅट. प्रत्येकीचा फॉर्म वेगळा, फी वेगळी. सगळे फॉर्म भरत सुटलात तर अभ्यासाआधी खिसा रिकामा होतो. कॅट किंवा सीमॅट यातली एक आणि सीईटी, एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं.

चौथं दार नोकरी सांभाळून शिकण्याचं. घर सोडणं शक्य नसेल, एमआयडीसीत नोकरी लागलेली असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू आहे. कॅम्पस प्लेसमेंटची अपेक्षा इथं ठेवू नका. पण आहे त्या नोकरीत बढतीसाठी डिग्री हवी असेल, तर खर्च कमी आणि पगार चालू.

पीजीडीएम की एमबीए?

एमबीए ही विद्यापीठाची पदवी. पीजीडीएम हा संस्थेचा स्वतःचा डिप्लोमा, एआयसीटीईच्या मान्यतेने चालणारा. पीजीडीएम म्हणजे कमी दर्जाचं, असं समजू नका. खुद्द आयआयएम कित्येक वर्षं डिप्लोमाच देत होत्या. २०१७ चा आयआयएम कायदा आल्यावर त्यांना पदवी देता येऊ लागली.

फरक खिशाला जाणवतो. विद्यापीठाशी संलग्न खासगी एमबीए कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. २०१५ च्या कायद्याने ते नेमलं गेलं आणि कुठल्या कॉलेजला किती फी मंजूर आहे, हे त्याच्या वेबसाइटवर बघता येतं. कॉलेजच्या माहितीपत्रकातला आकडा आणि तिथला आकडा शेजारी ठेवून बघा. पीजीडीएम संस्था आणि अभिमत विद्यापीठं या चौकटीबाहेर असतात. तिथली फी तीच ठरवतात.

म्हणून फोनवर 'मॅम' किंवा 'सर' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: कोर्स एमबीए आहे की पीजीडीएम? मान्यता कुणाची? शिष्यवृत्ती लागू होते का? उत्तर तोंडी नको, ईमेलवर द्या म्हणावं.

सरासरी कशी फसवते

आता त्या बोर्डावरच्या आकड्याकडे येऊ. समजा, एका वर्गात दहा जण आहेत. नऊ जणांना पाच लाखांचं पॅकेज मिळालं. दहाव्याला, जो आधी चार वर्षं आयटीत नोकरी करून आलेला होता, ४५ लाखांचं परदेशी पॅकेज मिळालं. बेरीज झाली ९० लाख. भागिले दहा. सरासरी पॅकेज नऊ लाख!

वर्गातल्या एकालाही नऊ लाख मिळालेले नाहीत. तरीही 'अॅव्हरेज ९ लाख' असं छापलं, तर ते खोटं नाही. म्हणून विचारायचा तो मध्यक, म्हणजे मीडियन. सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं, तर मधल्या माणसाला किती मिळाले? इथं उत्तर पाच लाख.

हा आकडा कुठं मिळतो? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या संस्था किती विद्यार्थी पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मीडियन पगार किती, ही माहिती देतात. संस्थेच्या वेबसाइटवर 'एनआयआरएफ' नावाची एक पीडीएफ असते. बहुतेक वेळा अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. बोर्ड वाचायला दोन सेकंद लागतात, ही पीडीएफ वाचायला दहा मिनिटं. ती दहा मिनिटं द्या.

आणखी एक. पॅकेजइतकाच रोल महत्त्वाचा. 'नामांकित बँकेत मॅनेजमेंट ट्रेनी' असं लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात दिवसभर उन्हात फिरून विम्याच्या पॉलिसी विकायच्या असतात. सेल्सचं काम वाईट नाही, अनेकांची करिअरं तिथूनच घडलीत. पण ते तुम्हाला आधी माहीत असायला हवं. मागच्या दोन बॅचचे चार-पाच सीनियर लिंक्डइनवर शोधा आणि सरळ विचारा, 'पहिली नोकरी कोणती होती आणि ती किती महिने टिकली?' माझ्या मैत्रिणीने सहा जणांना मेसेज केले, चौघांनी उत्तर दिलं. एका सीनियर ताईने तर फोन करून अर्धा तास समजावलं.

हप्त्याचं गणित कागदावर मांडा

अहमदाबाद-बेंगळुरूसारख्या आयआयएमची दोन वर्षांची फी २० लाखांच्या पुढे आहे. तिथून मिळणाऱ्या पगारात ते कर्ज फिटतं, म्हणून बँकाही सहसा कुरकुर करत नाहीत. अडचण मधल्या फळीत आहे. फी मोठ्या कॉलेजच्या जवळपास आणि पगार छोट्या कॉलेजइतका.

एक साधं गणित करू. दहा लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता येतो साधारण १३,२०० रुपये. आणि हा हप्ता शिकतानाचं व्याज वेळच्या वेळी भरलं तरच. ते भरलं नाही, तर मुद्दल वाढतं आणि हप्ताही वाढतो.

आता पाच लाखांचं पॅकेज घ्या. त्यातून पीएफ आणि 'व्हेरिएबल पे' बाजूला काढला, तर हातात महिन्याला ३५ हजारांच्या आसपास येतात. हप्ता १३,२००. पुण्यात पार्टनरसोबत रूम, मेस आणि जाणं-येणं यांचे १५ हजार धरा. उरले सात हजार. त्यात घरी काय पाठवणार? हेच कर्ज तीन लाखांचं असतं, तर हप्ता चार हजारांच्याही खाली असता.

हे सांगण्यामागे घाबरवायचा हेतू नाही. कर्ज जरूर घ्या, पण 'मीडियन पगार वजा हप्ता' हे गणित करून घ्या. चांगल्या मानांकनाच्या संस्थेत नंबर लागला, तर केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला मंजुरी मिळाली. यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलतीची सोय आहे.

मुलांनो, मघाची मुलींची सवलत वाचून खट्टू होऊ नका. कॅपमधून प्रवेश घेतला आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळू शकतं. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आहे. सगळ्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. एक मात्र ध्यानात ठेवा: 'शिक्षण शुल्क' आणि 'एकूण फी' हे वेगळे आकडे आहेत. विकास शुल्क, होस्टेल आणि मेस खिशातूनच जातं.

कागद नसेल तर पर्सेंटाइल काय कामाचे?

परत येऊ मैत्रिणीकडे. तीन दिवसांत आम्ही काय काय केलं! पहिल्या दिवशी तलाठी, मग सेतू केंद्र, उत्पन्नाचा दाखला. दुसऱ्या दिवशी सर्व्हर डाऊन. तिसऱ्या दिवशी अण्णा सकाळपासून तहसीलच्या आवारात लिंबाखाली बसून. नॉन-क्रिमीलेयर हातात आलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सायबर कॅफेत फाइलची साइज मोठी होती म्हणून अपलोड होईना. शेवटी कॅफेवाल्या दादाने ती छोटी करून दिली आणि संध्याकाळी साडेसातला फॉर्म कन्फर्म झाला. बाहेर येऊन आम्ही दोघींनी उसाचा रस पिला आणि उगाचच हसत सुटलो.

तुम्ही ही सर्कस करू नका. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस, उत्पन्न, डोमिसाइल ही फाइल डिसेंबरातच लावायला घ्या. आर्थिक वर्षानुसार चालणारे दाखले ३१ मार्चला संपतात, ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवे काढा.

आणि राज्याचा दाखला केंद्रात जसाच्या तसा चालत नाही. कॅटसाठी ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. राज्यात एनटी-सी, एनटी-डी म्हणून नोंद असलेले धनगर, वंजारी हे समाज केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून येतात. एसईबीसी ही वर्गवारी केंद्रात नाहीच. त्यामुळे कॅटचा फॉर्म भरताना एसईबीसीवाल्यांनी केंद्राच्या ईडब्ल्यूएसच्या निकषात आपण बसतो का, हे तपासायचं. फॉर्ममध्ये प्रवर्ग एकदा चुकला की पुढं फार पळापळ होते.

कटऑफची यादी कशी वाचायची

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे आधी पक्कं करा. ९१ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांतले सुमारे ९१ जण तुमच्या मागे किंवा बरोबरीने आहेत.

कॅपच्या कटऑफ यादीत 'जी-ओपन-एच', 'एल-ओपन-ओ' असे कोड दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींसाठीची. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटच्या अक्षरात खरी मेख आहे. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातले, एस म्हणजे राज्य पातळीवरची जागा. आपण मराठवाडा विद्यापीठाचे. त्यामुळे संभाजीनगरच्या कॉलेजला आपण 'एच'मध्ये, पण पुण्याच्या कॉलेजला 'ओ'मध्ये. मैत्रीण आठवडाभर पुण्याच्या कॉलेजांचे 'एच'चे कटऑफ बघून खूश होत होती. 'ओ'चा रकाना बघितल्यावर तिची यादी पुन्हा मांडावी लागली.

ऑप्शन फॉर्म भरताना 'मिळेल ते वर' असं करू नका, 'हवं ते वर' ठेवा. पहिल्या राउंडला पहिलाच पसंतीक्रम मिळाला, तर ती सीट घ्यावीच लागते, पुढच्या राउंडची वाट बघता येत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका, जिथं उद्या बॅग भरून जायची तयारी आहे. नियम दरवर्षी थोडे बदलतात. त्या वर्षीचं माहितीपत्रक मुळातून वाचा, व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

'जालना? मग सांग, तिथं स्टील का?'

इंटरव्ह्यूची भीती आपल्याकडे सगळ्यात जास्त. इंग्रजी अडखळतं, समोर पुण्या-मुंबईची पोरं. पण पॅनेल तुमच्या गावाबद्दल विचारतं, तेव्हा मैदान तुमचं असतं. शर्त एवढीच की तुम्हाला ते माहीत हवं.

जालन्यात लोहखनिजाची एकही खाण नाही, मग इथं एवढे सळईचे कारखाने कसे? भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवून त्याचे बिलेट आणि पुढं टीएमटी सळई बनते. मग कारखानदाराचा नफा कशावर ठरतो? भंगाराच्या भावावर आणि विजेच्या दरावर. हे नीट सांगता आलं, तर तुम्ही कॉस्टिंग आणि सप्लाय चेन या दोन विषयांवर बोललात.

किंवा बियाणं घ्या. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. २००२ मध्ये देशात मंजुरी मिळालेल्या पहिल्या बीटी कापसामागेही हीच कंपनी होती. शेतकऱ्याला दरवर्षी बियाणं विकत घ्यायला तयार करणं, हा मार्केटिंगचा केवढा मोठा धडा आहे! मोसंबीला जीआय मानांकन आहे, २०१८ पासून बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी-विक्री होते. हे सगळं आपण रोज बघतो आणि इंटरव्ह्यूत मात्र पाठ केलेल्या व्याख्या म्हणून दाखवतो.

शेतीच्या घरातले असाल किंवा बदनापूरच्या कृषी महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकत असाल, तर अॅग्रिबिझनेसचा वेगळा रस्ताही आहे. हैदराबादची मॅनेज, पुण्याची वैकुंठ मेहता सहकार व्यवस्थापन संस्था, आयआयएम अहमदाबाद आणि लखनऊ इथले खास कोर्स. डॉ. वर्गीस कुरियन यांनी आणंदला १९७९ मध्ये उभी केलेली इर्मा ग्रामीण व्यवस्थापनासाठी आहे. बापाला व्यापारी भाव पाडून कसा मागतो, हे बघत मोठं झालेल्या पोरापोरींना तिथल्या वर्गात सांगण्यासारखं बरंच काही असतं.

पैसे भरण्याआधी हे विचारा

• कोर्स एमबीए की पीजीडीएम, आणि मान्यता कुणाची?
• प्रवेश कॅपमधून की संस्था पातळीवर? मला लागू असलेली शिष्यवृत्ती इथं मिळते का?
• होस्टेल, मेस, डिपॉझिट धरून दोन वर्षांचा एकूण खर्च किती?
• मागच्या बॅचचा मीडियन पगार किती? वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली?
• सीट सोडली तर किती पैसे, किती दिवसांत परत? लेखी नियम कुठे आहे?
• मला हव्या त्या स्पेशलायझेशनचे कायमस्वरूपी प्राध्यापक किती?
• इथून बाहेर पडलेला एक तरी माणूस मी स्वतः बोलून पाहिला का?

मैत्रिणीचं काय झालं?

दुसऱ्या राउंडला तिला तिसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळालं. पुण्यातलंच, विद्यापीठाशी संलग्न एमबीए. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. होस्टेल, मेस आणि बाकीच्या खर्चासाठी घरून पैसे येतात. एक एकर शाबूत आहे. सीट ब्लॉकसाठी भरलेल्या पन्नास हजारांतले काही परत मिळाले, काही 'प्रोसेसिंग'च्या नावाखाली गेले. त्यासाठी तिने किती मेल लिहिले, त्यावर वेगळा लेख होईल.

सगळं गोड झालं असंही नाही. त्या खासगी संस्थेची इमारत हिच्या कॉलेजपेक्षा कितीतरी देखणी होती. तिथं परदेशी टूर होती, इथं लायब्ररीचा एसी बंद असतो. परवा फोनवर मी विचारलं, "कधी वाटतं का गं, ते घ्यायला हवं होतं?"

ती थोडी थांबली. म्हणाली, "प्लेसमेंटच्या वेळी वाटेलही कदाचित. पण अण्णांचा फोन आला की मला आता बोलता येतं. तेव्हा त्यांचा आवाज ऐकला तरी पोटात गोळा यायचा."

समर इंटर्नशिपसाठी तिने जालन्याच्याच एका बियाणे कंपनीत अर्ज केलाय. इंटरव्ह्यूला येईल तेव्हा आम्ही अंबड चौफुलीला भेटणार आहोत. तो बोर्ड अजून तिथंच आहे. तुम्हीही त्याखाली उभे असाल, तर फोन काढा आणि त्या संस्थेची ती तळाशी असलेली पीडीएफ उघडा. गाडी यायला तसाही वेळ असतो.